बेंटली विरोधाभास

बेंटली विरोधाभास : (गुरुत्वीय विरोधाभास). गुरुत्वाकर्षण हे सर्व द्रव्यावर क्रिया करणारे व नेहमी आकर्षणाच्याच स्वरूपाचे असेल, तर विश्वातील सर्व तारे एकमेकांकडे ओढले जाऊन त्यांचा एकच गोळा का झाला नाही, या प्रश्नातून उद्‌भवणारी विसंगती. रिचर्ड बेंटली (१६६२–१७४२) या इंग्रज पंडितांनी १६९२ मध्ये आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांना पत्राने जे प्रश्न विचारले, त्यांवरून तिला हे नाव मिळाले. बेंटली हे गणिती किंवा ज्योतिर्विद नव्हते. ग्रीक व लॅटिन ग्रंथांची चिकित्सा हे त्यांचे कार्यक्षेत्र होते आणि धर्मोपदेशक म्हणून ते ख्यातनाम होते. तथापि एका जिज्ञासू परक्षेत्रीयाने विचारलेल्या या प्रश्नाचा रोख गुरुत्वाकर्षण सिद्धांताच्या मर्मावरच होता व त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास दोनशेहून अधिक वर्षे लागली. विश्व स्थिर आहे ही समजूत सोडल्याशिवाय ते मिळणे शक्य नव्हते, हे या विरोधाभासाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

पूर्वीच्या कल्पना : आधाराविना पृथ्वी अवकाशात कशी राहते, हा याच जातीचा प्रश्न फार जुना आहे. भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात असे प्रतिपादन केले आहे की, पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणशक्ती असल्याने जड पदार्थ तिच्याकडे ओढले जातात व ते पडतात असे आपणांस भासते; पृथ्वीच्या सर्व बाजूंना आकाश सारखेच असल्यामुळे ती स्वतः मात्र कोणत्याही एका दिशेस पडू शकत नाही. यातील समदिशतेचा युक्तिवाद लक्षणीय आहे. कारण बेंटली यांनी ताऱ्यांच्या बाबतीत जवळजवळ याच प्रकारचा युक्तिवाद केला. भास्कराचार्यांच्या विवेचनात सर्व पदार्थांच्या परस्पर आकर्षणाची कल्पना किंवा अंतरानुसार त्या आकर्षणात होणाऱ्या बदलाचा नियम मात्र आढळत नाही. त्यामुळे न्यूटन यांच्या सिद्धांताशी त्याची बरोबरी करता येत नाही.

पत्रव्यवहार : न्यूटन यांचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्याही दोन वस्तूंमधील आकर्षण त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात व त्यांमधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम त्यात मांडलेला आहे. झाडावरून पडणारे फळ, पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र व सूर्याभोवती फिरणारे ग्रह या सर्वांना हा एकच नियम लागू पडतो. रॉबर्ट बॉइल यांच्या मृत्युपत्रानुसार सुरू झालेल्या व्याख्यानमालेतील पहिली व्याख्याने देण्याचा मान १६९२ मध्ये बेंटली यांना मिळाला. नास्तिक मताचे खंडन हा त्यांचा विषय होता आणि विश्वरचनेमागे हेतू आहे हे दाखविण्यासाठी त्यांना न्यूटन यांच्या सिद्धांताचा आधार घ्यावयाचा होता. व्याख्याने छापण्यापूर्वी आपल्या आकलनात दोष राहू नये म्हणून त्यांनी थेट न्यूटन यांनाच विचारणा केली. न्यूटन यांनी डिसेंबर १६९२ ते फेब्रुवारी १६९३ या काळात पाठविलेली चार उत्तरे १७५६ मध्ये प्रसिद्ध झाली.

न्यूटन यांचे उत्तर असे होते : द्रव्य मर्यादित अवकाशात सारखे विखुरलेले असते, तर बाहेरील द्रव्य मध्याकडे ओढले जाऊन अखेर तेथे एकच प्रचंड गोळा झाला असता. ते अमर्याद अवकाशात विखुरलेले असेल, तर सर्वांना समाईक असा मध्यच नसल्यामुळे काही द्रव्य येथे, काही तेथे असे साचत जाऊन एकमेकांपासून दूर असलेले असंख्य गोळे तयार होतील. सूर्य व तारे असे निर्माण झाले असू शकतील. मात्र अमर्याद अवकाशातील प्रत्येक कण सर्व बाजूंनी अचूक तोलला जाऊन जागच्या जागी राहणे हे असंख्य सुया एकाच वेळी त्यांच्या टोकांवर उभ्या राहण्याइतके दुर्घट आहे, असे त्यांनी लिहिले. असा समतोल एखाद्या दैवी शक्तीने घडविला, तर तो टिकेल, असे न्यूटन यांचे मत होते.

बेंटली यांनी एक पर्याय सुचविला होता. अमर्याद विश्वात प्रत्येक ताऱ्याला प्रत्येक बाजूने अनंत आकर्षण असणार. दोन्ही बाजूंची अनंत आकर्षणे समान म्हणून ती एकमेकांना छेदतील व तारा स्थिर राहील. न्यूटन यांनी यातील दोष दाखवून दिला. दोन राशी अनंत आहेत एवढ्यावरून त्या समान ठरत नाहीत. त्या समान मानल्या, तरी एका बाजूस अगदी अल्प असे जादा आकर्षण मिळताच समतोल बिघडेल व तारा त्या बाजूस सरकू लागेल.

गणितीय स्वरूप : विरोधाभासाचा गाभा साध्या अंकगणिताने स्पष्ट होतो. एखाद्या ताऱ्याभोवती सारख्या जाडीची एकाबाहेर एक अशी गोलीय कवचे कल्पावी. विश्वात तारे सर्वत्र सारख्या प्रमाणात असतील, तर दुप्पट त्रिज्येच्या कवचात चौपट तारे असतील. पण अंतर दुप्पट झाल्याने प्रत्येकाचे आकर्षण एक चतुर्थांश होईल. याचा अर्थ कोणत्याही एका दिशेच्या बाजूने विचार केल्यास प्रत्येक कवचाचा वाटा सारखाच राहतो. कवचांची संख्या अनंत असल्यास त्या बाजूचे एकूण आकर्षण अनंत होते आणि विरुद्ध बाजूचेही तसेच. अनंतातून अनंत वजा केल्यास निश्चित उत्तर मिळत नाही. कवचे कोणत्या केंद्राभोवती कल्पिली आहेत, त्यानुसार निष्पन्न होणारी प्रेरणा बदलते. सारांश, अमर्याद, समांगी व स्थिर विश्वात न्यूटन यांचा नियम निश्चित उत्तरच देत नाही.

प्रकाशाची तीव्रताही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून हाच हिशेब प्रकाशास लावला, तर रात्रीचे आकाश सूर्यबिंबासारखे तेजस्वी दिसावयास हवे. जर्मनीतील ब्रेमेन येथील वैद्य व हौशी ज्योतिर्विद हाइन्रिख ओल्बर्स (१७५८–१८४०) यांनी १८२३ मध्ये याविषयी विवेचन केल्याने ही विसंगती ओल्बर्स विरोधाभास म्हणून ओळखली जाते. दोन्ही विरोधाभासांचे मूळ अमर्याद, चिरंतन व स्थिर विश्वाच्या कल्पनेत आहे.

परिहाराचे प्रयत्न : जर्मन ज्योतिर्विद हूगो फोन झेलिगर (१८४९–१९२४) यांनी १८९५ मध्ये व गणिती कार्ल नॉयमान यांनी १८९६ मध्ये न्यूटन यांच्या नियमातच दुरुस्ती सुचविली. फार मोठ्या अंतरावर आकर्षण व्यस्त वर्गापेक्षाही जलद घटत असेल, तर अनंत बेरजा टळतात. परंतु या दुरुस्तीस निरीक्षणाचा आधार नव्हता.

आल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण म्हणजे द्रव्य व ऊर्जा यांमुळे अवकाश-कालास प्राप्त होणाऱ्या वक्रतेचा परिणाम होय. हा सिद्धांत संपूर्ण विश्वास लावताना १९१७ मध्ये त्यांच्यापुढेही हीच अडचण आली. त्यांच्या समीकरणांतूनही स्थिर विश्व मिळेना. तेव्हा त्यांनी आकर्षणास तोलून धरणारे, प्रतिसारणाच्या स्वरूपाचे एक पद समीकरणांत घातले. त्यास विश्वस्थितिक स्थिरांक म्हणतात. तथापि आर्थर एडिंग्टन (१८८२–१९४४) यांनी १९३० मध्ये असे दाखविले की, हा समतोलही अस्थिर आहे. विश्व किंचित आकुंचन पावले, तर ते आकुंचनच पावत राहील व किंचित प्रसरण पावले, तर प्रसरणच पावत राहील. न्यूटन यांच्या टोकावर उभ्या असलेल्या सुया येथे पुन्हा अवतरल्या.

प्रसरणशील विश्व : वर फेकलेल्या दगडाचे उदाहरण घेतल्यास परिहाराची दिशा ध्यानात येते. हवेत एखादा दगड क्षणभर दिसला व तो खाली का पडला नाही असा प्रश्न पडला, तर त्यास कोणीतरी तोलून धरले आहे असेच मानण्याचे कारण नाही. तो वर जात असेल. पृथ्वीचे आकर्षण त्याचा वेग सतत कमी करीत असते, पण वेग पुरेसा असेपर्यंत तो वर जातच राहतो. दर सेकंदास सु. ११·२ किमी. पेक्षा अधिक वेगाने फेकलेली वस्तू (हवेचा विरोध सोडल्यास) परत येत नाही. दगड वर जाईल किंवा खाली येईल. मध्येच अधांतरी स्थिर मात्र राहणार नाही. विश्वाचेही तसेच आहे.

रशियन गणिती अलेक्सांद्र फ्रीडमान (१८८८–१९२५) यांनी १९२२ मध्ये व बेल्जियन धर्मगुरू व भौतिकीविज्ञ झॉर्झ लमेत्र (१८९४–१९६६) यांनी स्वतंत्रपणे १९२७ मध्ये आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून प्रसरणशील विश्वाची उत्तरे मिळविली. निरीक्षणाच्या बाजूने व्हेस्टो स्लायफर (१८७५–१९६९) यांना १९१२ पासून घेतलेल्या वर्णपटांत बहुसंख्य सर्पिल अभ्रिकांच्या प्रकाशाची ताम्रच्युती आढळली होती; म्हणजे त्या दूर जात होत्या. हेन्रिएटा लेव्हिट (१८६८–१९२१) यांनी सेफीड प्रकारच्या रूपविकारी ताऱ्यांचा आवर्तकाल व दीप्ती यांतील संबंध शोधून काढला होता. त्याच्या आधारे एडविन हबल (१८८९–१९५३) यांनी या अभ्रिका म्हणजे आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध केले व १९२९ मध्ये दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग तिच्या अंतराच्या प्रमाणात असतो, हे दाखविले. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने २०१८ मध्ये या नियमास हबल–लमेत्र नियम असे नाव देण्याची शिफारस केली.

एडवर्ड मिल्न व विल्यम मॅक्क्रिआ यांनी १९३४ मध्ये असे दाखविले की, प्रसरणाची हीच समीकरणे न्यूटन यांच्या यामिकीतूनही मिळविता येतात. म्हणजे बेंटली यांच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग न्यूटन यांच्या नियमातच दडलेला होता. अडसर होता तो विश्व स्थिर असलेच पाहिजे या समजुतीचा.

विश्वोत्पत्ती : दीर्घिका आज एकमेकींपासून दूर जात असतील, तर पूर्वी त्या जवळ होत्या व विश्व अधिक दाट आणि तप्त होते, असे अनुमान निघते. जॉर्ज गॅमो (१९०४–६८) व राल्फ आल्फर यांनी १९४८ मध्ये आरंभीच्या तप्त अवस्थेत हलकी मूलद्रव्ये कशी तयार झाली असतील, याचे विवरण केले. त्याच वर्षी आल्फर व रॉबर्ट हर्मन यांनी त्या अवस्थेतील प्रारण थंड होत जाऊन आज सु. ५ के. तापमानाचे उरले असावे, असे भाकीत केले. याउलट हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड व फ्रेड हॉइल यांनी १९४८ मध्येच स्थिरस्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावत असले, तरी नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे सरासरी रूप कायम राहते व त्यास आरंभ नाही, असे या सिद्धांताचे म्हणणे होते. त्या वेळच्या मापनांनुसार विश्वाचे वय सु. २०० कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी येत असल्याने या मतास बळ मिळाले होते. पुढे अंतरांची मापने सुधारल्यावर ही अडचण दूर झाली.

आर्नो पेंझिआस व रॉबर्ट विल्सन यांना १९६४–६५ मध्ये न्यू जर्सीतील होल्मडेल येथील शृंगाकार आकाशकाने सर्व दिशांनी सारखेच येणारे सूक्ष्मतरंग प्रारण आढळले. या शोधाबद्दल त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान २·७२५ के. असल्याचे नंतरच्या मापनांवरून निश्चित झाले आहे. विश्वातील सामान्य द्रव्यात वस्तुमानाने सु. एक चतुर्थांश हीलियम आहे, ही गोष्टही तप्त आरंभाशी जुळते. हॉइल, जेफ्री बर्बिज व जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९९३ मध्ये स्थिरस्थिती सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. ती बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही. तरी रूढ सिद्धांताची गृहीतके पुनःपुन्हा तपासून पाहण्याची गरज नारळीकर यांनी अखेरपर्यंत आग्रहाने मांडली. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून प्रसरणाच्या आरंभापासूनचा काल सु. १,३८० कोटी वर्षे येतो.

सर्वसामान्य शंका : महास्फोट ही अवकाशातील एखाद्या ठिकाणी घडलेली घटना नसल्याने विश्वास मध्य नाही. क, ख व ग या तीन दीर्घिका एका रेषेत प्रत्येकी एक एकक अंतरावर आहेत व सर्व अंतरे दुप्पट झाली असे समजू. क वरील निरीक्षकास ख एक एकक व ग दोन एकके दूर गेलेली दिसेल. ख वरील निरीक्षकास क व ग दोन्ही प्रत्येकी एक एकक दूर गेलेल्या दिसतील. प्रत्येकास आपणच मध्यभागी आहोत असे वाटेल.

विश्वाचे प्रसरण होत असताना पृथ्वी, सूर्यमाला किंवा आकाशगंगा प्रसरण पावत नाहीत. कारण तेथे विद्युत् प्रेरणा वा स्थानिक गुरुत्वाकर्षण यांचे प्राबल्य असते. सु. २५ लक्ष प्रकाशवर्षे अंतरावरील देवयानी दीर्घिका तर दर सेकंदास सु. ११० किमी. वेगाने आपल्या आकाशगंगेकडे येत आहे. बेंटली यांना अपेक्षित असलेले कोसळणे स्थानिक प्रमाणावर खरोखरच घडते.

आरंभापूर्वी काय होते, या प्रश्नाचे उत्तर आज देता येत नाही. अमलकुमार रायचौधुरी (१९२३–२००५) यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणाच्या व पुढे रॉजर पेनरोझ आणि स्टीव्हन हॉकिंग यांनी सिद्ध केलेल्या प्रमेयांच्या आधारे, गुरुत्वाकर्षण सर्वत्र आकर्षकच असेल, तर भूतकाळात सिद्धांत लागू न पडणारी स्थिती येणे अपरिहार्य ठरते. त्या स्थितीच्या विवरणासाठी गुरुत्वाकर्षण व पुंजयामिकी यांची सांगड घालणारा सिद्धांत हवा; तसा सर्वमान्य सिद्धांत अद्याप उपलब्ध नाही.

ताऱ्यांची निर्मिती : ज्या अस्थिरतेमुळे समतोल अशक्य होतो, तीच ताऱ्यांच्या व दीर्घिकांच्या जन्मास कारण झाली आहे. जेथे द्रव्य किंचित दाट, तेथे आकर्षण अधिक. त्यामुळे आणखी द्रव्य येऊन दाटपणा वाढत जातो. जेम्स जीन्स (१८७७–१९४६) यांनी १९०२ मध्ये वायुमेघाच्या बाबतीत या क्रियेची गणितीय मीमांसा केली. कोबी उपग्रहाने १९९२ मध्ये पार्श्वभूमी प्रारणात सु. एक लक्षांश एवढे सूक्ष्म चढउतार शोधून काढले. हीच दीर्घिकांची बीजे होत. अमर्याद अवकाशात द्रव्याचे असंख्य गोळे होतील, हे न्यूटन यांचे अनुमान या अर्थी खरे ठरले. विश्व पूर्णतः समतोल असते, तर हा प्रश्न विचारण्यास कोणी उरलेच नसते.

आधुनिक स्थिती : वर जाणाऱ्या दगडाप्रमाणे विश्वाच्या प्रसरणाचा वेग घटत असला पाहिजे, अशी अपेक्षा होती. परंतु दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना प्रसरण उलट जलद होत असल्याचे आढळले. या शोधाबद्दल सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार केवळ वस्तुमानच नव्हे, तर दाबही गुरुत्वाकर्षणास कारण होतो. पुरेसा मोठा ऋण दाब असल्यास परिणाम प्रतिसारणाचा होतो. असा दाब असलेल्या घटकास कृष्ण ऊर्जा म्हणतात व आइन्स्टाइन यांचा विश्वस्थितिक स्थिरांक हे तिचे सर्वांत सोपे रूप होय. विश्वात सामान्य द्रव्य सु. ५, अदृश्य असे कृष्ण द्रव्य सु. २७ व कृष्ण ऊर्जा सु. ६८ टक्के असल्याचे अनुमान आहे. कृष्ण द्रव्य व कृष्ण ऊर्जा यांचे स्वरूप अज्ञात आहे. प्रसरणाचा दर पार्श्वभूमी प्रारणावरून एक मेगॅपारसेक (सु. ३२·६ लक्ष प्रकाशवर्षे) अंतरामागे दर सेकंदास सु. ६७ किमी. व जवळच्या दीर्घिकांतील रूपविकारी तारे आणि अतिदीप्त नवतारे यांवरून सु. ७३ किमी. येतो. या तफावतीचाही उलगडा झालेला नाही.

मधल्या पोकळीतून एक वस्तू दुसरीस कशी ओढते, ही दुसरी शंकाही त्याच पत्रव्यवहारातील होय. कोणत्याही माध्यमाविना जड द्रव्य दूरच्या द्रव्यावर क्रिया करील ही कल्पना न्यूटन यांना स्वतःलाच असमंजस वाटत होती. व्यापक सापेक्षता सिद्धांताने अवकाश-कालासच या क्रियेचे वाहक ठरविले. गुरुत्वीय तरंगांचा प्रत्यक्ष शोध १४ सप्टेंबर २०१५ रोजी लागला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेले गुरुत्वीय तरंग व गॅमा किरण सु. १·७ सेकंदांच्या अंतराने येऊन पोहोचले. त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा प्रसार प्रकाशाच्या वेगाने होतो, हे अत्यंत अचूकपणे निश्चित झाले. अशा तरंगांच्या अभ्यासासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पास केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

मूल्यमापन : विरोधाभासामागे तीन गृहीतके होती : विश्व स्थिर आहे, ते अनादी आहे व गुरुत्वाकर्षण नेहमी आकर्षकच असते. यांपैकी पहिले निरीक्षणाने खोटे ठरले. आजच्या रूपातील विश्व अनादी नाही, हे पार्श्वभूमी प्रारणाने दाखविले आणि तिसरे विश्वव्यापी अंतरांवर टिकत नाही. न्यूटन यांनी जो समतोल दैवी शक्तीकडे सोपविला, तसा समतोल निसर्गात मुळी नव्हताच. पण तो असणे किती कठीण आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. सिद्धांताचे तंत्र अवगत नसलेल्या व्यक्तीचा साधा प्रश्न तज्ञांनी गृहीत धरलेल्या गोष्टी उघड्या करू शकतो, ही गोष्ट या पत्रव्यवहारावरून दिसून येते. विश्वाच्या आरंभाविषयी व कृष्ण ऊर्जेविषयी आज विचारल्या जाणाऱ्या साध्या प्रश्नांनाही त्यामुळे तेवढेच महत्त्व आहे.